चौथा रकाना

४ मार्च

सात महिने इथे एक ओळही लिहिली नाही. माफ कर, असं वहीला म्हणणं वेडेपणाचं आहे, तरी म्हणते. कारणं सांगता येतील, पण कारखान्यात मी कुणाची कारणं ऐकून घेत नाही, तेव्हा स्वतःचीही नकोत. आई गेली आणि लिहिणं थांबलं, एवढंच.

आज बसले, कारण डाव्या हाताला पट्टी आहे, कामावर रजा टाकली आहे आणि दादू केंद्रात गेला आहे.

दादू चावला. सकाळी सव्वासात. निळा टॉवेल वाळला नव्हता म्हणून मी पांढरा दिला. त्याने पांढरा टॉवेल फेकला, मग बादली फेकली, मग कपाळ नळावर आपटायला लागला. मी मध्ये हात घातला, तो त्याच्या दातांत सापडला. सोडवून घेताना कातडी सोलून निघाली. मग तो धावला आणि स्वयंपाकघराच्या दाराची काच त्याने डोक्याने फोडली. काच खाली पडल्यावर एकदम शांत. कपाळातलं रक्त डोळ्यात उतरतंय आणि हा म्हणतोय, "राहू दे गं, राहू दे गं त्याला." हुबेहूब आईच्या आवाजात. आईचं ते नेहमीचं वाक्य होतं.

सात महिन्यांनी उघडलेल्या वहीला ओळख नव्याने करून द्यावी. दादू माझा धाकटा भाऊ. लहान असून दादू, कारण लहानपणी त्याला जो कुणी हाक मारेल त्याला तो उलट 'दादू' म्हणायचा, मग ते नाव त्यालाच चिकटलं. छत्तीस वर्षांचा, ब्याण्णव किलोचा. मी चव्वेचाळीस आणि छप्पन्न. तो स्वमग्न आहे. थोडं बोलतो, त्यातलं बरंचसं दुसऱ्यांचं बोललेलं. घरात आम्ही दोघंच. मी औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. गोळ्यांतले दोष पकडायचे, हे काम वीस वर्षं करते आहे.

तो दिवसभर जिथे असतो त्या केंद्रातल्या बाईंनी मला एक लाल वही ठेवायला सांगितली आहे. तिच्यात चार रकाने: वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, मी काय केलं. आजची नोंद अशी: "७.१५. टॉवेल बदलला. डोकं आपटलं, चावला, काच फोडली. आवरलं."

इथपर्यंत दुपारी लिहिलं, पुढचं रात्री. संध्याकाळी अण्णाचा फोन. अण्णा आमच्यातला थोरला. लांब राहतो आणि लांबूनच काळजी करतो.

"निवासी संस्थेत जागा झालीय. एकतीस तारखेपर्यंत फॉर्म द्यायचा. ही गेली तर पुन्हा पाच वर्षं नाव नको, म्हणतात."

"बघते."

"बघते काय? आज हात खाल्ला, उद्या गळा धरेल."

"गळा त्याने कधी धरलेला नाही."

"म्हणजे आपण वाट बघायची?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हात दुखतोय का, हे त्याने विचारलंच नाही. मग हेही लक्षात आलं, की कपाळाला पट्टी लावताना दादू किंचाळला तेव्हा मीही विचारलं नव्हतं. धरून लावली.

७ मार्च

केंद्रात बाईंनी लाल वही चाळली. "सहा महिन्यांत एकशे बारा नोंदी. वही मात्र छान ठेवलीय."

"सवय आहे."

"यात तो हसलेला कुठे आहे?"

"हसला तर लिहायचं, असं तुम्ही सांगितलं नव्हतं."

"खरंय, चूक माझी. आता पाचवा रकाना काढा. कशाने खूश झाला, ते लिहा. आणि शेजारी सहावा."

"सहावा कशाला?"

"तुम्ही कशाने खूश झालात त्याला."

"माझं काय मध्येच?"

"त्याच घरात राहता ना? म्हणून."

मला राग आला. घरी येईपर्यंत येतच होता. कारखान्यात निर्दोष गोळीची नोंद कुणी ठेवत नाही. ती फक्त पुढे जाते. तरी पट्टी घेऊन दोन रेघा आखल्या. रेघा सरळ आल्या आहेत. रकाने रिकामे आहेत.

११ मार्च

पाचवा रकाना: काही नाही. सहावा: काही नाही.

प्रामाणिकपणे लिहायचं तर काल मी त्याला हसवण्याचा प्रयत्न केला. तोंड वाकडं केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, टीपॉय उचलला आणि टीव्हीवर फेकला. टीव्ही गेला. आवरलं.

आज सकाळी व्हॅनच्या काकांना सहज विचारलं. केंद्राची व्हॅन हेच चालवतात. पंचावन्नच्या पुढचे असतील, जाड भिंगाचा चष्मा, सतत बडबड. म्हटलं, "काका, गाडीत कसा असतो हो हा?"

"कोण, दादूशेठ? हसून हसून जीव घेतो की आमचा!"

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हणाले, "एकदा येऊन बघा ताई. तिकीट नाही."

१२ मार्च

गेले. दादू पुढे काकांच्या शेजारी, आम्ही बाकीचे मागे. केंद्रापर्यंत रस्त्यात अकरा स्पीडब्रेकर आहेत. काकांनी प्रत्येकाला नाव दिलं आहे. पहिला आला तसं ते म्हणाले, "दादूशेठ, कोण येतंय?"

दादू ओरडला, "सासूबाई येतायत!" गाडी उडाली. तो हसला. डोकं मागे टाकून, दोन्ही हातांनी मांड्या बडवत. नंतर जाडी मावशी, मग जुळी, मग पेन्शनर (तो झिजलेला आहे). अकराच्या अकरा त्याला पाठ. उसनी नाहीत, स्वतःची म्हणून बोलला ती वाक्यं. माझ्यासमोर तो दिवसभरात इतकं बोलत नाही.

पाचव्या रकान्यात लिहिलं: "८.४० ते ९.१०, व्हॅन." सहाव्यात काय लिहावं? मला बरं वाटलं. की नाही वाटलं? तपासायला हवं. उतरताना काकांनी त्याचं मनगट धरलं होतं, हे मी पाहिलं. गरज नव्हती. तो स्वतः उतरू शकतो.

१६ मार्च, रविवार

वरच्या मजल्यावर ड्रिल. सकाळी नऊपासून. बंद करा म्हणून सांगायला गेले, तर कामगार म्हणाला, "बाई, भोकं काय हाताने पाडू?"

दहाला दादू उठला आणि भिंतीवर डोकं मारायला लागला. उशी मध्ये धरली, उशी फाडली. माझ्या ओठावर ठोसा बसला, खालचा दात हलतो आहे. कपाट पाडलं. आईचा फोटो पायाखाली चिरडला. मग स्वतःच्या कानशिलावर मुठी, एकेक मूठ नारळ फोडावा तशी. थांबवणं भाग होतं. हात मागे घेऊन धरला, गुडघा पाठीत टेकवून बसवलं. वीस मिनिटं. बाईंनी शिकवलेली पकड वेगळी होती, पण तिला दोन माणसं लागतात आणि या घरात माणूस एकच आहे. पाठीत दोनचार थोपटले, ऐकू जावं म्हणून जरा जोरात. उलथनं हातात कसं आलं ते आठवत नाही. स्वयंपाक चालू होता, तेव्हा असणारच. तो "बस, बस" म्हणत होता, पण ते तो जाहिराती ऐकूनही म्हणतो.

लाल वही: "१०.०५. ड्रिल. मारलं, फोडलं, स्वतःला मारलं. आवरलं."

दुपारी आम्ही दोघंही जमिनीवरच झोपलो होतो, फोटोच्या काचा न उचलता.

१७ मार्च

बाईंनी बोलावून घेतलं. केंद्रात सोमवारी पाण्याचा तास असतो. शर्ट काढल्यावर दिसलं. दंडावर चार बोटं आणि एक अंगठा, निळे. पाठीवर दोन लांब वळ. खाली जुने, पिवळे पडलेले आणखी.

तो आंघोळ स्वतः करतो, मी बाहेरून टॉवेल देते. शर्ट पूर्ण बाह्यांचे घालतो. मी कधी पाहिलंच नव्हतं.

बाईंनी माझ्याकडे नीट बघत विचारलं, "घरी काही?"

"घरी मी एकटीच असते."

"तेच विचारतेय."

"नाही," मी म्हटलं. खरंच विचार करून म्हटलं.

कारखान्यात दोष सापडला की यादी करतात: माल कुणाकुणाच्या हातांतून गेला. मी यादी केली. मी. केंद्रातल्या दोघी ताई, त्या कायम चारचौघांसमोर असतात. आणि व्हॅन, जिथे अर्धा तास तो पुढे एका माणसाशेजारी बसतो आणि मागच्या तिघांपैकी कुणालाही काही सांगता येत नाही. मनगट धरलेलं मी स्वतः पाहिलं आहे. आणि इतकं का हसवायचं एखाद्याला? लपवायचं असेल तेव्हाच माणूस इतका गोड वागतो.

बाई म्हणाल्या, "घाई करू नका. मी चौकशी करते." मी संध्याकाळी चौकीत लेखी तक्रार दिली. तारखा, खुणांची मापं, सगळं. हवालदार म्हणाला, इतकी व्यवस्थित तक्रार त्याने आजवर पाहिली नाही.

१९ मार्च

तळमजल्यावर जिम आहे. जिमवाल्याने ओठाचं विचारलं, मग मी सगळंच बोलून गेले. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "ताई, उद्या गाडी किती वाजता येते?"

"नुसतं विचारायचं हं," मी म्हटलं.

"नुसतंच विचारू."

तो 'नुसतंच' कसं म्हणाला, ते मी ऐकलं होतं. हे लिहून ठेवते आहे.

२० मार्च

क्रमाने लिहिते.

८.४० ला व्हॅन आली. दादू पुढे जाऊन बसला, पट्टा लावला. जिमवाला आणि त्याचे दोघे फाटकाशी उभे होते. काका हसून म्हणाले, "काय पैलवान, आज स्वागत समिती?" पहिली चपराक बसली तेव्हा ते हसतच होते. चष्मा फाटकाबाहेर जाऊन पडला, कुणीतरी त्यावर पाय दिला. काका चाचपडत म्हणाले, "ताई, काय झालं ते सांगा तरी."

"ताईंना काय विचारतोस?" जिमवाल्याने कॉलर धरून त्यांचं तोंड व्हॅनच्या पायरीवर आपटलं. एकदा. आवाज पातेलं पडल्यासारखा आला. पायरीवर दोन दात पडले. ते कुशीवर वळले, तर दुसऱ्याने पोटात लाथ घातली, तिसऱ्याने डाव्या हातावर बूट ठेवला आणि भार दिला. हाड मोडल्याचं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. मी फाटकाचा गज धरून उभी होते. "बस" म्हणायला तोंड उघडलं की नाही, ते निश्चित सांगता येत नाही.

दादू पट्टा काढून उतरला. जिमवाल्याच्या खांद्याला त्याने असा चावा घेतला की तो माणूस बाईसारखा ओरडला. मग दादू काकांच्या अंगावर पालथा पडला आणि उठेना. त्याच्या पाठीवर दोन लाथा बसल्या. ब्याण्णव किलो, काका खाली गुदमरले असते. मी धावले, त्याचा हात मागे घेऊन ओढायला लागले.

आणि काका, तोंडात रक्त, डोळे मिटलेले, खालून म्हणाले, "ताई, हात पिरगळू नका त्याचा. नाव घ्या. नाव घेतलं की ऐकतो."

एवढा मार खाऊन मलाच शिकवत होते.

पोलीस आले. काकांना आधी दवाखान्यात, मग त्यांच्यावर माझ्या तक्रारीवरून गुन्हा. मारलं कुणी, असं विचारलं तेव्हा गर्दी, असं सगळे म्हणाले. मीही.

लाल वही: "८.४५. चिथावणी नसताना तिऱ्हाइतावर हल्ला. ड्रायव्हरच्या अंगावर पडला. आवरलं."

२३ मार्च

केंद्र बंद केलं आहे त्याचं. मी बिनपगारी रजेवर. रोज ८.४० ला तो खिडकीत बसतो. "सासूबाई येतायत." थांबतो. "सासूबाई येतायत." रस्त्यावर काही येत नाही. मग खिडकीच्या गजांवर डोकं. परवा गज वाकला. काल माझे केस धरून त्याने मला दारापर्यंत ओढत नेलं आणि दार दाखवलं. मूठभर केस गेले. आज तीनदा. तीनदा आवरलं.

अण्णाला फोन केला. "मी काय सांगत होतो?" म्हणाला. फॉर्म भरला. सही केली. पाठवला नाही अजून. का नाही, ते कळत नाही. सगळी कारणं पाठवण्याच्या बाजूची आहेत.

२६ मार्च

दुपारी बेल. दारात एक बाई, हातात कापडी पिशवी. म्हणाली, "मी व्हॅनवाल्यांची बायको."

मी दार अर्धंच उघडं ठेवलं. "तक्रार मागे घ्यायची असेल तर ते आता माझ्या हातात नाही."

"त्यासाठी नाही आले. जामीन झालाय. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही. पाटीवर लिहून दाखवतात." पिशवीतून तिने कागद काढला. "हे लिहून दिलंय, वाचून दाखव म्हणाले."

"म्हणजे लिहून सांगितलं," मी म्हटलं. का म्हटलं? कसली ती वेळ दुरुस्त्या काढायची?

तिने वाचलं. "दादूशेठ आठ चाळीसला खिडकीत बसत असणार. त्याला 'काका येणार नाही' असं सांगू नका. 'गाडी गॅरेजमध्ये आहे' म्हणा, गॅरेज त्याला ठाऊक आहे. डाव्या बाजूने हात लावू नका, दचकतो. आधी समोर या, मग नाव घ्या."

आतून दादू आला. तिने त्याला पाहिलं, एक पाऊल मागे झाली, मग समोर येऊन म्हणाली, "दादूशेठ."

दादू खाली बसला. मुकाट, शहाण्यासारखा.

ती मला म्हणाली, "माझ्या नवऱ्याने कुत्र्यालासुद्धा काठी दाखवली नाही कधी, हे तुम्हाला सांगून काय उपयोग, बायको आहे मी. पण एक विचारू? मार खाताना ते तुमच्याशीच का बोलत होते, तुम्हाला कळलं का?"

तिने कागद माझ्या हातात दिला आणि जिना उतरली.

२८ मार्च

पाच दिवस त्याने आंघोळ केली नव्हती. वास यायला लागला म्हणून कोमट पाणी आणि कापड घेतलं, समोर गेले, "दादू" म्हटलं. त्याने शर्ट काढू दिला.

पाठीवर नवे वळ. तीन. लाल, कडा अजून उठलेल्या. दंडावर बोटं, जांभळी.

आठ दिवस व्हॅन नाही. केंद्र नाही. दारात आलेली काकांची बायको सोडली तर कुणी आलं नाही.

कारखान्यातलं साधं गणित आहे. ज्या यंत्रावर संशय, ते बंद करून बघायचं. तरी दोष येत राहिला, तर दोष त्या यंत्राचा नाही. हे मी नवीन मुलींना पहिल्याच आठवड्यात शिकवते.

तरी मी म्हटलं, माप घेऊ. स्वतःहून लागलं असेल. खात्री करू. मी उजवा हात उचलला, त्याच्या दंडावरच्या खुणांवर बोटं ठेवून बघायला.

हात वर गेलेला पाहिला आणि दादू उठला. कुठेही गेला नाही. भिंतीकडे तोंड केलं. गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात त्याने स्वतःच मागे नेले, मनगट मनगटावर ठेवलं, पाठ थोडी वाकवली. आणि माझ्या आवाजात, माझ्याच आवाजात, म्हणाला, "झालं की नाही समाधान? झालं की नाही समाधान?"

मी असं कधी म्हणते, हे मला माहीत नव्हतं.

पाणी गार झालं. तो तसाच बसून होता, मी उठ म्हणेपर्यंत.

२९ मार्च

दिवसभर लाल वही. कारखान्यात खाडाखोड चालत नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर शब्द, मग सही आणि तारीख.

चौथ्या रकान्यात 'आवरलं' एकशे एकवीस वेळा आहे. प्रत्येक वेळी आठवायचा प्रयत्न केला. काही ठिकाणी ते खरंच आवरणं होतं: डोकं धरलं, काचेपासून ओढलं. ते तसंच ठेवलं. स्वतःवर नाही तो आळ घेणं हाही खोटेपणाच. चव्वेचाळीस ठिकाणी रेघ मारली. 'हात पिरगळला.' 'उलथन्याने मारलं.' 'पाठीत गुडघा घातला, तो बस म्हणाला, थांबले नाही.' एकोणीस ठिकाणी आठवत नाही, तिथे 'आठवत नाही' लिहिलं. एक नोंद आई जाण्याच्या आदल्या दिवसाची निघाली. वहीच्या मागच्या पानावर, बाईंनी रकाने आखायला सांगितले त्याच्या आधीची, पेन्सिलने लिहिलेली. म्हणजे आई असतानाही. "राहू दे गं त्याला" हे आई कुणाला म्हणायची, ते मला आज कळलं.

मी थकले होते, हे खरं आहे. ते कारण आहे. कारणाने हाड जोडलं जात नाही.

अण्णाला सांगितलं. त्याने पलीकडे दार लावून घेतलं. मग म्हणाला, "कुणाला कळलंय?"

"तुला."

"मग झालं. फॉर्म उद्या पाठव. तो तिकडे गेला की खुणा थांबतील, केस पुराव्याअभावी पडेल, तो ड्रायव्हरही सुटेल. सगळे सुटतात."

"दादू सुटतो का?"

"तू मारतेस ना? मग तुझ्यापासून सुटतो."

त्याचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. एक तासभर मी त्याच्याच बाजूने विचार केला. लिहून ठेवते. त्या तासात मला हलकं वाटत होतं.

३० मार्च, रविवार

सकाळी बाईंना फोन केला. त्या सुट्टीच्या दिवशी, पायांत दोन वेगळ्या चपला घालून, आल्या. मी लाल वही पुढे ठेवली. त्यांनी सगळी पानं वाचली. मला वाटलं ओरडतील, किंवा जवळ घेतील. दोन्ही झालं नाही.

"मला संशय होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. मी तुम्हाला रकाने देत बसले. माणूस द्यायला हवा होता."

"माझं मला करता यायला हवं होतं."

"कुणाला येतं? नाव सांगा एकाचं."

मी वही मिटायला गेले, त्यांनी ती उघडीच ठेवली.

"मला हे वर कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि चौकीत तुम्ही गेलात, तर दादूला तुमच्याकडे ठेवतीलच, असं मी म्हणू शकत नाही. कदाचित संस्था. कदाचित केंद्रातली एक ताई रोज इथे, तुम्ही एकट्या नाही, असं काही. मी तेच मागेन. मिळेलच असं नाही."

"आणि नाही गेले तर?"

"तर माझ्या कागदावर काका सुटतीलही. पण त्या रस्त्यावर, त्या गल्लीत? तिथे ते कायम मतिमंदांना मारणारा माणूस राहतील. ते फक्त तुम्ही पुसू शकता."

"दादूला त्यांची गाडी परत मिळेल का?"

"काकांना विचारावं लागेल. त्यांना हवी असेल तर." मग दादूकडे बघून, "मला वाटतं असेल."

केंद्रातल्या दोघी ताई दुपारी आल्या. दादूच्या समोर उभ्या राहून त्यांनी नाव घेतलं, दोघी दोन्ही बाजूंना बसल्या. त्याला एक झटका आला. खुर्ची फेकली, एकीच्या गालावर ओरखडा उठला. तिने हात खाली ठेवले, बाजूला सरकली, मोजत राहिली. तीन मिनिटांत तो बसला. तीन मिनिटं. माझ्याकडे वीस लागायची.

मला त्यांनी आतल्या खोलीत पाठवलं. "झोपा," म्हणाल्या, नर्स म्हणते तसं. दोन तास झोपले. सहाव्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं: "झोप." लिहिताना लाज वाटली.

पाचव्यात आज ताईंनी लिहिलं, त्यांच्या अक्षरात: "५.२०. फरशीवर पाणी सांडून त्यात तळवे ठेवले. खूप हसला. पुसू दिलं नाही." मी उठले तेव्हा ते पाणी तसंच होतं. मी पुसलं नाही. तो माझ्याकडे पाहून थोडा मागे सरकला, भिंतीला टेकला. पाण्यामुळे घसरला असेल.

फॉर्म टेबलावर आहे. फाडला नाही. तो कुठे राहील हे ठरवणारी मी एकटी राहिलेले नाही, आणि ते बरोबर आहे.

अण्णाचे सात फोन येऊन गेले.

उद्या: सकाळी दहाला चौकीत जाणे, माझ्याविरुद्ध जबाब देणे.